जागेवरचा जबाब

विषय : सेलूच्या जुन्या बाजारातील गोकुळ नाट्यगृहात प्रयोगास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : सविताबाई यांचा अर्ज.

सादर की, मी नगरपालिकेतून निवृत्त झालो. पण लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेण्यातून निवृत्त झालेले नाहीत. सविता गावात नाटकं बसवते. परवानगी मिळाली तर नाट्यगृह वाचणार, नाही तर पाडून तिथं दुकानं होणार. मेळे, कव्वाल्या, शाळांची गॅदरिंगं सगळं तिथंच झालेलं. गावाला टाळ्या कुठं वाजवायच्या हेही तिथंच कळलं.

भर दुपारी पाहणीला गेलो. सोबत नगरपालिकेचा इंजिनिअर हरिओम. आत अंधार, वटवाघळांचा उग्र वास.

"काका, पंडितगुरुजी हितंच बसायचे ना?" सविता विंगेकडं बघत म्हणाली.

"हितंच."

गुरुजी जन्मभर प्रॉम्प्टर होते, विंगेतून नटांना वाक्यं पुरवायचे. एका प्रयोगात दुसऱ्या अंकालाच स्टुलावर बसल्या बसल्या गेले. कळलं शेवटचा पडदा पडल्यावर. तिसऱ्या अंकात मात्र कुणीही अडखळलं नव्हतं.

हरिओम रंगमंचाच्या मधोमध उभा राहिला. "लय जुनं झालंय. लिहा काका. इमारत धो..."

विंगेतून हलकेच आवाज आला, "इमारत मजबूत आहे."

"इमारत मजबूत आहे!" हरिओम म्हणाला. खणखणीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं. साहेब जन्मात इतकं शुद्ध बोलले नव्हते.

मी विंगेत वाकून पाहिलं. रिकामं स्टूल. त्यावरची धूळ विस्कटलेली नव्हती.

"मी... मी न्हाई बोललो," हरिओम पुटपुटला.

"मग लिहू का नको?" मी विचारलं. पेन कागदावर टेकलेलंच होतं; सवय जात नाही.

"लिहा की काका!" सविता हसत रंगमंचावर चढली.

पुन्हा तोच आवाज. "मी इथंच राहते."

तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बोटांमागं ओठ हलत होते. मी तिला ओढतच उन्हात आणलं.

हरिओमनं अहवाल 'मजबूत' असाच दिला; शब्द फिरवायची छाती झाली नाही. राहिला अर्जदाराचा जबाब. तो नियमानं जागेवर उभं राहूनच द्यावा लागतो.

"न्हाई गेले तर पाडतेत, काका," सविता परवा म्हणाली. "आन् गेले तर..."

बाजारातले लोक सांगतात, दुपारी आतून एकच वाक्य ऐकू येतं, "मी इथंच राहते." नट गप्प राहिला की प्रॉम्प्टर करतो तसं... दर खेपेला जरा मोठ्यानं.

अर्जदाराचा जबाब अप्राप्त. अर्ज प्रलंबित आहे.