मधल्या चार ओळी

"पुन्हा गप्प! चौघंही एकदम गप्प!" गोटी कुजबुजली. "गाणं आहे की शिक्षा?"

सुट्टीत आजीकडे आलेली ताई, चष्मिस आणि धाकटी गोटी जिन्यात बसून खाली चाललेली तालीम ऐकत होती. चाळीस जणांच्या गायकवृंदाचं नाताळगीत आजोबांनी चार पुरुषांपुरतं बसवून दिलं होतं. सलूनवाले काका, पोस्टमन, बेकरीवाले आणि दातांचे डॉक्टर, असे ते चौघे. मग महिन्याभरापूर्वी आजोबा गेले. तिसऱ्या कडव्यात मात्र चौघांच्याही कागदावर चार ओळी नुसती विश्रांतीची, म्हणजे गप्प राहायची चिन्हं!

"शेवटी विसरायला लागला होता बिचारा," सलूनवाले काका हळहळले. "ती जागा मीच भरतो." मित्रासाठी एवढा त्याग करायला ते एका पायावर तयार होते.

स्वयंपाकघरात आजी ताट पुसत होती. "त्या माझ्या ओळी," ती म्हणाली. "वीस वर्षं एकटीनं म्हटल्या. गायकवृंद बंद पडला, पुरुषांचा गट झाला, आणि यांनी मला काढून टाकलं. विचारलंसुद्धा नाही." तेच ताट तिनं पुन्हा पुसायला घेतलं.

"आजोबा असं करतील?" ताई उठलीच. "या सगळ्यांकडे झेरॉक्स आहेत. मूळ कागद कुठंय?"

आजोबा बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे. त्यांच्या खोलीत, सरसाच्या डब्याखाली कागद सापडला.

"थांबा! इथं पेन्सिलच्या खुणा आहेत!" चष्मिसनं कागद नाकाला लावला. "अगदी पुसट. झेरॉक्समध्ये उठल्याच नाहीत!"

"या श्वास घ्यायच्या खुणा," ताई म्हणाली.

"पण गप्प बसताना श्वास कुठं घ्यायचा, हे कशाला सांगायचं?" गोटीनं विचारलं.

ताईनं आजीची गायकवृंदातली जुनी गाण्याची वही काढली. त्याच खुणा, त्याच जागी! तिसऱ्या ओळीत तर दोन.

आजीनं त्या दोन खुणांवरून बोट फिरवलं. "इथं माझा श्वास पुरत नाही. यांच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं."

"मग ही जागा तुझ्यासाठी ठेवलीय, हे त्यांनी सांगितलं का नाही?" गोटीनं विचारलं.

"सांगणार असतील उद्या. यांचं सगळं उद्याच असायचं."

मुलांनी कागद चौघांना दाखवला. "पुरुषांच्या गटात बाई? पेन्सिलीचं काय घेऊन बसलात, बाळांनो!" सलूनवाले काका हसले.

गोटी हसली नाही. कार्यक्रमाच्या दिवशी तिसऱ्या कडव्याआधी वाद्यांचा तुकडा सुरू झाला, तशी तिनं पडद्याआडून टॉफी पुढे केली. "काका, घशाला बरं!"

टॉफी भलतीच चिकट होती. जागा आली. काकांनी तोंड उघडायचा मनापासून प्रयत्न केला. जमेना! सभागृह शांत.

तिसऱ्या रांगेतून आजी उठली आणि गाऊ लागली. तिसऱ्या ओळीत आवाज फाटला, थांबला. चौघांनी माना खाली घातल्या. मग तिनं दुसऱ्या खुणेवर श्वास घेतला आणि ओळ पुरी केली.

नंतर डॉक्टरांनी काकांचा जबडा सोडवला. पहिले शब्द निघाले, "शाबास, पोरांनो! मीच गाढव. विसरला तो नव्हता." डोळे पुसायला त्यांनी पोस्टमनचाच रुमाल घेतला.

बाहेर पडताना आजीनं सवयीनं शेजारी वळून विचारलं, "तिसरी ओळ जमली का हो?"

शेजारी गोटी होती. तिनं आजीचा हात धरला.

"जमली," ती म्हणाली.