गळाला बांधलेलं बटण

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण हे घडलं तेव्हा मी तिथे होतो, आणि पूर्ण शुद्धीत होतो.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. सकाळचे साडेसहा. धरणाच्या पाण्यावर धुकं इतकं दाट, की समोरचा काठ दिसत नव्हता.

माझ्यासोबत दाजी होते, ताईचे मिस्टर. धंद्याने शिंपी. आठवडाभर मशीनवर मान मोडायची आणि रविवारी गळ टाकायचा, एवढाच त्यांचा शौक. ते नेहमी खालच्या बंधाऱ्यावर बसायचे. धरणावर त्यांना मीच ओढून आणलं होतं.

तासभर काही नाही.

मग माझ्या लक्षात आलं... पक्ष्यांचा आवाज बंद झालाय.

तेवढ्यात माझ्या दोऱ्याला झटका बसला. एकच. हलका.

ओढून पाहिलं. कणकेची गोळी गायब. गळाला काहीतरी पांढरं लटकत होतं...

शर्टाचं बटण.

अडकलेलं नव्हतं. बांधलेलं होतं. दोऱ्याचे वेढे, वर घट्ट गाठ.

"दाजी, पुरे झाली चेष्टा!"

"कसली चेष्टा?"

"शिंप्याशिवाय बटण कोण बांधणार इथे?"

"अरे, मी जागचा हललो तरी का?"

खरंच हलले नव्हते. तरी मला संशय होताच. मी गळाला नवी गोळी लावली, टाकला, आणि दोऱ्याऐवजी दाजींच्या हातांकडे बघत बसलो.

त्यांचे दोन्ही हात त्यांच्या गळाच्या काठीवर होते.

पुन्हा झटका...

दुसरं बटण. तशीच गाठ.

या वेळी दाजींनी ते हातात घेतलं. अंगठ्याने गाठ चाचपली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"ही गाठ आमच्या बाबांची. दादाच्या शर्टाला बटणं बाबाच लावायचे."

दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. दहा वर्षांचा असताना याच पाण्यात बुडाला. सापडलाच नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

मी काही बोलणार, तोच दाजी चपलांसकट पाण्यात उतरले.

गुडघे... कंबर...

"दाजी! अहो, मागे फिरा!"

त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी धावत जाऊन त्यांच्या काखेत हात घालून त्यांना धरलं. ओढताना जाणवलं, त्यांचं वजन एका माणसाचं नव्हतं. पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. मग एकदम सुटलं, आणि आम्ही दोघे चिखलात पडलो.

घरी येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "ताईला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. धरणावर परत पाऊलही टाकलं नाही.

काल रविवार होता. सकाळी ताईचा फोन आला.

"हे काय रे, दर रविवारी दोघं जाता, एकदा तरी मासा आणा की! काठीसुद्धा घरीच राहिलीये यांची."

मी तर माझ्या घरी, अंथरुणातच होतो.

"आत्ता यांना फोन केला, तर मागून कुणीतरी हाका मारत होतं... तूच ना?"

मी हो म्हणालो.

का म्हणालो, मलाही माहीत नाही.