आलेच हं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीची आहे. ऐकीव मी लिहीत नाही. शेवटचा भाग तर माझ्या डोळ्यांदेखत घडला.

ताई नर्स आहे, पण तिला स्वतःचा वॉर्ड नाही. ती फ्लोट पूलमध्ये आहे. म्हणजे ज्या आयसीयूत माणूस कमी पडेल, तिथे फोन आला की जायचं. बाबा तिला 'बिनखात्याची मंत्री' म्हणतात.

तो मंगळवार होता. भर दुपार. पण त्या आयसीयूला खिडक्या नाहीत. आत दुपार काय नि रात्र काय, सारखीच.

तिच्या वाट्याला एक शिंपीकाका आले होते. तोंडात श्वासाची नळी, त्यामुळे बोलणं बंद. ताई औषधाचा पंप लावत होती आणि काका टक लावून बघत होते.

तिच्याकडे नाही...

तिच्या डाव्या खांद्यामागे.

ताईने वळून पाहिलं. भिंत. भिंतीवर ऑक्सिजनची जोडणी. बाकी कोणी नाही.

काकांनी अंगठा ओठांकडे नेला. पाणी.

नळी असताना तोंडाने पाणी देता येत नाही. ताईने ओल्या बोळ्याने त्यांचे ओठ पुसले. त्यांनी मान हलवली. मला नको. बोट पुन्हा तिच्या मागे...

तिकडे दे.

इनचार्ज सिस्टर हसली. "अगं, इथे सगळ्यांनाच कोणी ना कोणी दिसतं. औषधांचा भ्रम. नोंद कर आणि पुढचं काम बघ."

ताईने नोंद केली. भ्रम. शिकवलंय तेच केलं तिने.

त्याच आठवड्यात तिला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. हृदयरोगाचा आयसीयू. वेगळा स्टाफ, वेगळे पेशंट. तिथे एक आजी ऑपरेशननंतर शुद्धीवर येत होत्या. त्यांनी डोळे उघडले...

आणि ताईच्या डाव्या खांद्यामागे पाहिलं.

मग अंगठा ओठांकडे नेला.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "चला, बिनखात्याच्या मंत्र्याला खासगी सचिव मिळाला!"

मी हसलो. ताई हसली नाही.

पुढच्याच महिन्यात बाबांना न्यूमोनिया झाला. दोन्ही फुप्फुसं भरली. नळी घालावी लागली, तीही ताईच्याच हॉस्पिटलात. घरच्या माणसावर तिला ड्यूटी देत नव्हते. ती जेवणाच्या सुट्टीत, युनिफॉर्ममध्येच भेटायला आली. मी बेडजवळ उभा होतो. डॉक्टर सकाळीच म्हणाले होते, आजचा दिवस अवघड आहे.

बाबांनी तिला ओळखलं. डोळे भरून आले.

मग नजर हळूच सरकली...

मी ताईचा हात धरला. तो सोडवून ती बाबांवर वाकली.

"बाबा, कोणी आहे का तिथे? असेल तर डोळे मिटा."

त्यांनी मिटले.

"बाई आहे?"

मिटले.

"पेशंटच्या कपड्यांत?"

मिटले. आणि सलाइन लावलेला हात कसाबसा उचलून त्यांनी अंगठा ओठांकडे नेला.

बाहेर आल्यावर ताई भिंतीला टेकून उभी राहिली.

"आठव ना, कोण असेल," मी म्हटलं.

"कसं आठवू? अरे, पाणी सगळेच मागतात. सगळ्यांना मी म्हणते, 'आलेच हं.' तेवढ्यात फोन येतो, अमुक वॉर्डात जा. परत कधी गेलेच तर बेडवर दुसरंच माणूस असतं."

बाबा वाचले. नळी निघाली, घरी आले. वाटलं, भ्रमही उतरला असेल.

पण ताई घरी यायच्या वेळेला ते टेबलावर दोन ग्लास पाणी भरून ठेवू लागले. रोज. शेवटी मी विचारलं, "दुसरा कोणासाठी?"

"मी देऊन पाहिलं. घेत नाही. हिच्याच हातून हवंय तिला."

ताई दारातच थांबली होती. तिने ग्लास उचलला आणि मागे वळली.

"कुठे धरू?"

"जरा खाली. दमलीय. बसलीय ती."

ताई गुडघ्यांवर बसली. एका हातात ग्लास. दुसरा हात सवयीने पुढे गेला आणि हवेतच थांबला... पेशंटचं डोकं उचलून धरावं तसा.



ग्लास काठोकाठ होता. थेंबही कमी झाला नाही.

"प्यायली," बाबा म्हणाले.

"गेली?" ताईने विचारलं.

बाबांची नजर दाराकडे गेली. बराच वेळ तिथेच राहिली...

"ती बाजूला झाली. आता मागचे पुढे येतायत."

मी दार लावायला धावलो.

"लावू नकोस!" बाबा ओरडले. "जिन्यापर्यंत उभे आहेत."

याला आता वर्ष होत आलं. डॉक्टरांनी बाबांचे डोळे तपासले, डोकं तपासलं. सगळं ठीक आहे म्हणतात. ताई अजून फ्लोटमध्येच आहे, फोन आला की हातातलं सोडून जावंच लागतं. 'आलेच हं' म्हणणं तिने सोडलंय. संध्याकाळी आली की हात धुते, पाण्याचा जग भरून घेते आणि बाबा सांगतील तिथे ग्लास धरते. मला काहीच दिसत नाही. मी फक्त दार उघडं ठेवतो.

काल न राहवून विचारलं, "बाबा, रांग थोडी तरी कमी झाली का हो?"

त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं.

"कशी होईल? ती रोज कामावर जाते ना."

हल्ली मी जिना भिंतीला चिकटून चढतो.