मसाण खिडकीची वाट

“मसाण खिडकीतून आत कोणी येते का वो, सोनीबाई?”

पैज माझ्या वर्गातल्या मनकर्णाची होती, विचारलं मी. चांद्याच्या परकोटावरचा माझा निबंध नुकताच साऱ्या शाळेपुढे वाचून झाला होता. चार वेशी, तटातले पाच लहान दरवाजे म्हणजे खिडक्या, गोंड राजे, सगळं तोंडपाठ! आता मी कोणाला भिणार?

तटाला टेकून उकडलेले शिंगाडे विकणाऱ्या सोनीबाईचा हात थांबला.

“तिथून मुडदे बाहेर नेतात, पोरी. नेणारे दुसऱ्या खिडकीनं परततात. गेलेल्याले घरची वाट सापडू नाई म्हणून.” मग हळूच म्हणाली, “तुही रुखमा सांजेले तिथीच उभी राह्यते. वाट पुसते. मी काय सांगू?”

“गुणे, हे बी लिव ना निबंधात!” मनकर्णा खिदळली. मला हसू आलं नाही.

माझी थोरली बहीण रुखमाताई पावसाळ्यात बाळंतपणात गेली. तिची मुलगी आमच्याकडेच होती. शेळीचं दूध तोंडात घातलं की ओघळून जाई. हातपाय काड्यांसारखे झालेले. बाबांना बल्लारपूरच्या कागद कारखान्यात काम लागलं होतं. सोमवारी बिऱ्हाड हलणार होतं. “तवरक टिकली तर नेऊ,” माय म्हणाली आणि तिनं तोंड फिरवलं.

दिवस बुडताना मी शेजारच्या वेशीनं बाहेर पडले, तटाच्या कडेकडेनं चालत मसाण खिडकीशी आले आणि मुडदे नेतात त्याच्या उलट, बाहेरून आत शिरले. बाहेरचे दगड उन्हानं अजून कोमट होते. कमानीखाली मात्र गारठा, आणि ओल्या राखेचा वास.

“ताई, माह्यामागं ये.”

वळून पाहिलं नाही. मागून जोडव्यांचा आवाज येत होता. मी थांबले की तोही थांबे.

विहिरीवर भांडणाऱ्या बाया मला वाट द्यायला सरकल्या. मी पुढे गेले तरी त्या तशाच बाजूला उभ्या होत्या. 

घरात बाळ रडत होतं. मी उंबरा ओलांडला.

रडणं थांबलं.

पाळण्यात वाकून पाहिलं. डोळे मिटलेले, गाल हलत होते. घोट घोट गिळत होतं. ओठांच्या कोपऱ्यात दूध.

“माय, पाजलं का तिले?”

“आत्ता तं चुलीवर ठेवलं.”

बाबा पेटीला दोरी बांधत होते. मी पाळण्याची दांडी धरली.

“बाबा, माय, मी बल्लारपूरले येत नाई. बाळ बी येणार नाई. तिच्या मायले एवढीच वाट ठाऊक आहे.”