मी न परतल्यास

सन १९४४ चा माघ महिना होता. शेजारच्या बनुबाईंना श्रीगोंद्याच्या गाडीत बसवून देण्यास दमयंती नगर स्टेशनावर आली, आणि उतरणाऱ्या उतारूंमध्ये तिला शामकांत दिसला. त्याच्या मृत्यूचा शोक ती अकरा दिवस करीत होती.

शामकांत लढाऊ विमानाचा वैमानिक. ब्रह्मदेशाच्या सीमेवर त्याचे विमान कोसळले, तेव्हा ‘मी न परतल्यास टाकावे’ म्हणून ठेवलेले त्याचे दमयंतीच्या नावाचे पत्र पथकाच्या रिवाजाप्रमाणे सहकाऱ्यांनी टपालात टाकले. तो मात्र सहा दिवस जंगल तुडवून जिवंत परतला होता.

“दमयंती... मी आहे,” तो हसून म्हणाला.

“दिसते आहे.” तिच्या नेत्रांत अश्रू नव्हते, अंगार होता. “दोन वर्षांत तुमची तेवीस पत्रे आली. त्यांत मेसमधील डाळ होती, ढग होते, डास होते. प्रेम मात्र चोविसाव्यात... मेल्यावर. जिवंतपणी शाई मिळत नव्हती?”

“वैमानिकाच्या जिवाचा भरवसा नसतो. तुम्हांला बांधून ठेवणे—”

“ते मी ठरवायचे की तुम्ही?”

दुसऱ्याचे आयुष्य असे परस्पर ठरविण्याचा अधिकार पुरुषांस कोणी दिला, हे एक परमेश्वर जाणे.

गाडीच्या खिडकीतून बनुबाई म्हणाल्या, “भांड बाई, भांड. पन त्याला जाऊ दिऊ नगंस. लई वाळलाय.”

गाडी सुटली.

“सुखाने दुसऱ्याशी विवाह करावा, असे लिहिलेत,” दमयंती म्हणाली. “मृताची इच्छा म्हणून काल मी पाथर्डीच्या स्थळाला होकार दिला. परवा साखरपुडा आहे.”

त्याचे हास्य मावळले. “मग... मी काय करावे?”

“शत्रूची दोन विमाने पाडणारा हे मला विचारतो. बाबा बाहेर टांग्यात आहेत.”

तो टांग्याजवळ गेला. “नृसिंहमास्तर, दमयंतीचा हात मागतो आहे. महिनाभराने पुन्हा आघाडीवर जाईन. परत येण्याचे वचन देता येत नाही.”

मास्तरांनी कन्येकडे पाहिले. “ऐकलेस?”

“ऐकले. वचन मी मागितलेच नव्हते, बाबा. मला कोणी विचारावे, एवढेच हवे होते.”

मास्तर टांगेवाल्याकडे वळले. म्हणाले, “गनीभाई, आधी तारऑफिसात घ्या. पाथर्डीस नकार कळवायचा आहे.”

“आनि साहेबांना कुठं बसवू?”

“पुढे, तुमच्याजवळ,” दमयंती म्हणाली. “माझा राग अजून गेलेला नाही.”