पूर्वेच्या दारातला पुकारा

मला एक सांगा, माणूस पारखायचा झाला तर तुम्ही विश्वास कुणावर ठेवाल? त्याच्या तोंडावर, की कोर्टाच्या कागदावर?

बसा. त्या ओट्सच्या पोत्यावर बसा, फाटायचं नाही. कॉफी सकाळची आहे, पण गरम आहे. शहरातल्या कंपनीनं तुम्हाला कुणाचं तरी गुन्ह्याचं रेकॉर्ड काढायला आमच्या मेस्कल काउंटीत धाडलंय, हे तुम्ही गाडीतून उतरलात तेव्हाच मी ओळखलं. बुटांवर धूळ नाही आणि पहिला प्रश्न, कोर्ट कुठे. ते काय, समोर, दगडी. आता जेवणाची सुट्टी आहे. तोवर माझं ऐका, म्हणजे आत गेल्यावर चूक होणार नाही.

माझं पशुखाद्याचं दुकान. शाळा आठवीत सुटली. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांनी दिलं. एका धर्मोपदेशकानं मला गवताच्या गासड्या विकल्या होत्या, बाहेरून सोनं आणि आत बुरशी. आणि आयुष्यातला सगळ्यात चोख व्यवहार ज्याच्याशी झाला, तो घोडेचोरीत तुरुंग भोगून आलेला होता. तेव्हापासून मी तोंड आणि कागद दोन्ही ताडून बघतो. दमायला होतं, पण सवय लागली.

म्हणून लोरीन, माझी विधवा बहीण, जेव्हा म्हणाली की येत्या शनिवारी ती ड्युएन हॅसलबीशी लग्न करणार आणि शेत दोघांच्या नावावर करणार, तेव्हा मी टोपी उचलली आणि कोर्टाकडे निघालो.

ड्युएनबद्दल वाईट सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तीच तर अडचण होती. त्याच वसंतात कुठूनसा आला. पवनचक्क्या आणि गुरांच्या पाण्याच्या टाक्या दुरुस्त करायचा. आवाज मऊ, ताटात वाढलेलं सगळं खायचा. बूट मात्र कायम ओले. आमच्याकडे टेक्ससच्या या कोपऱ्यात तेव्हा ओढ्याला पाणी येऊन वर्षं झाली होती. पण टाक्यांचं काम करणारा माणूस, बूट ओले असणारच, असं मी धरून चाललो. एक खोड होती त्याची. दुकानाच्या दाराची घंटी वाजली की तो उभा राहायचा. टोपी छातीशी धरून.

"कुणाची वाट बघतोस का रे?" मी एकदा विचारलं.

"माझं एक काम राहिलंय," तो म्हणाला. "बोलावलं की जायचंय. अजून कुणी बोलावलं नाही."

लोरीन खो खो हसली. "मी बोलावलं तर आलास की लगेच! भाकरीचा वास आला वाटतं!"

नवरा गेल्यापासून ती तशी हसली नव्हती. आता सांगा, काय करावं भावानं? माणूस लबाड निघाला तर तिचं शेत जाणार. मी उगाच लग्न मोडलं तर ते हसू जाणार.

आता आमच्या कोर्टाची रीत ऐका. आरोपी तारखेला आला नाही, तर बेलीफ, म्हणजे कोर्टाचा शिपाई, पूर्वेच्या दारात उभा राहून त्याचं नाव तीनदा पुकारतो. तरीही आला नाही, तर जामीन जप्त आणि माणूस फरार. कायदाच आहे तसा. पण या कायद्यामुळे गावाला एक सवय जडलीय. त्या दाराच्या पायऱ्यांवर कुणी कुणाचं नाव घेत नाही. बायको नवऱ्याला "अहो, ऐकलं का" म्हणते, आया पोरांना शीळ घालून बोलावतात. का, असं विचारलंत तर हसतील. पण नाव घेणार नाहीत.

मला हे पाळण्यापासून माहीत. पण त्या दुपारी धुळीचं वादळ होतं. आकाश विटेच्या रंगाचं, दिवसाढवळ्या दिवे लावायची वेळ, आणि दिवे तर गेलेले. मी सकाळपासून पोती उतरवून मोडलेला. पूर्वेचं दार वाळूनं अडकलं होतं, हातभर फटीपलीकडे उघडेना. आत मिस ऑर्फा, आमची म्हातारी रेकॉर्ड-कारकून, कानाला कमी ऐकू येणारी.

"कोण? एल्डन का रे? काय हवंय?"

"रेकॉर्ड बघायचंय! ड्युएन हॅसलबी!"

"कोण?"

"ड्युएन हॅसलबी!"

"वाऱ्यात काही कळत नाही बाळा, नीट बोल की!"

आणि मी वैतागून, छाती भरून ओरडलो, "ड्युएन हॅसलबी!"

वारा थांबला नाही. पण आवाज थांबला. कानात कापूस कोंबावा तसं झालं. मग दार आपोआप सैल झालं आणि मी आत पडलो.

मिस ऑर्फाला शेवटची हाक ऐकू आली असावी. तिनं खुंटीवरची किल्ली घेतली. मग कंदील घेऊन तळघरात उतरली, मी मागोमाग. तिथे उंदरांचा आणि जुन्या डिंकाचा वास. तिला शोधावं लागलंच नाही. हात थेट एका कप्प्यावर गेला.

ड्युएन हॅसलबी. वय अडतीस. धंदा, पवनचक्क्या दुरुस्ती. आरोप, जिनिंग कारखाना जाळणे, त्यात रखवालदाराचा मृत्यू. जामिनावर मुक्त. तारखेला गैरहजर. पूर्वेच्या दारात तीनदा पुकारा केला, उत्तर नाही. फरार.

तारीख माझ्या जन्माआधीची होती.

मी श्वास सोडला. "म्हणजे आजोबा असणार याचा. नाव तेच, धंदाही तोच. पोराचा काय दोष?"

"त्याला मूलबाळ नव्हतं," मिस ऑर्फा म्हणाली. "पुकारा माझ्या वडिलांनी केला होता, एल्डन. ते बेलीफ होते. त्या दिवशी ओढ्याला पूर होता. तिसऱ्या हाकेला ओढ्याच्या बाजूनं कुणीतरी ओ दिली, हे वडील मरेपर्यंत सांगायचे. पण जजला घरी जायची घाई... जज म्हणाले, मला काही ऐकू आलं नाही, गैरहजर लिहा. दुसऱ्या दिवशी त्याचं खेचर सापडलं, खोगिरासकट. तो नाही सापडला."

"म्हणजे तो येत होता?"

"येत होता."

तेवढ्यात वर पावलं वाजली.

लाकडी जमीन आहे वर, प्रत्येक फळी बोलते. पूर्वेच्या दारापासून सुरू झाली. सावकाश. प्रत्येक पावलागणिक पाणी दाबल्यासारखा आवाज... भिजलेल्या बुटांचा. आमच्या डोक्यावरून गेली, कोर्टाच्या मोठ्या खोलीकडे. ऑर्फानं माझी बाही घट्ट धरली. तिला ती पावलं ऐकू येत होती, बरं का. माझ्या पहिल्या दोन हाका ऐकू आल्या नव्हत्या तिला.

मग वरून आवाज आला. मऊ.

"हजर."

आम्ही कंदील घेऊन जिना चढलो. वर गेलो तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. खिडक्यांवर लाल धूळ, बाकांवर धूळ, जमिनीवर धूळ. आणि त्या धुळीतून दारापासून आरोपीच्या खुर्चीपर्यंत काळ्या चिखलाची पावलं. परतीची नव्हती. खुर्चीच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. पुराच्या पाण्याला वास असतो, कुजल्या पाल्याचा. तो वास होता.

टेलिफोन वाजला. लोरीन होती; मी कोर्टात गेल्याचं तिला दुकानातून कळलं होतं.

"एल्डन, ड्युएन तिकडे आलाय का? अरे, घास हातात होता, तसाच उठला. टोपी छातीशी धरली, 'हजर' म्हणाला आणि वादळात चालत गेला. गाडी इथंच आहे. मी ओरडले, तर वळून नुसता हसला... सुटल्यासारखा. काय झालं रे?"

मी तिला सगळं सांगितलं. तिथेच, लगेच. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तू बोलावलंस त्याला," आणि फोन ठेवला. रागानं म्हणाली नाही. ते बरं होतं का वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिस ऑर्फा तोवर टेबलाशी बसली होती. जुन्या कागदावर 'गैरहजर' खोडून तिनं नीट अक्षरात 'हजर झाला' असं लिहिलं, खाली आपलं नाव. रेघ अगदी सरळ. "वडिलांचं राहिलेलं होतं," एवढंच म्हणाली. तीही आता गेली.

कुठलाही जज तो खटला पुकारायला तयार नाही. म्हणून तो हजर आहे असं लिहिलेलं आहे, आणि सुटला किंवा गेला असं कुणीही, कुठेही लिहिलेलं नाही.

हं, उघडलं बघा कोर्ट. जा. पायऱ्यांवर कागदातलं नाव मोठ्यानं वाचू नका, आत जाऊन कारकुनाला चिठ्ठी द्या. मोठ्या खोलीत आरोपीच्या खुर्चीमागे एक बाई लोकर विणत बसलेली दिसेल. ती लोरीन. निकाल लागला की ती त्याला घरी नेणार आहे. ती कुणाशी बोलत असली तर मध्ये बोलू नका. आणि ती थांबली, आणि तिला कुणी उत्तर देतंय असं वाटलं, तर मागे वळू नका.

फक्त एक करा माझ्यासाठी. गेल्या आठवड्यात मी स्वतः बघून आलो. यंदाही पाऊस नाही, पण खुर्ची ओलीच आहे, आणि आता लोरीन बसते त्या बाकाची, तिच्या शेजारची फळीही ओली व्हायला लागलीय. मी भाऊ आहे, माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नाही. तुम्ही परके. जाताना त्या फळीवर हात ठेवून बघा. कोरडी असेल तर एका कागदावर मला कोरडी लिहून द्या, ओली असेल तर ओली. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नका. हिशेब खरा ठेवा.