आवळेल तो चालवेल

लढाईचं चौथं साल होतं. माझी सुगंधा दोन दिवस अडलेली. पिंपळनेरच्या सुईणीने हात टेकले, म्हणून सकाळीच मोटारमालकाच्या पाया पडून मी त्याची प्रवासी सर्व्हिस मोटार मागून आणली. जावई लढाईवर, माझा नवरा फाल्गुनात गेलेला. मग मीच. मागच्या बाकावर गोधडी टाकली, पोरीला आडवी केली, पाण्याची घागर पायात धरली आणि धुळ्याच्या दवाखान्याकडे निघालो. हाकायला हिलाल.

हिलालचं तोंडही बघायची माझी इच्छा नव्हती. याच मालकाच्या दुसऱ्या मोटारीवर आमचे यजमान, चिंधाभाऊ, अकरा वर्षं ड्रायव्हर होते. फाल्गुनात त्यांची गाडी साक्रीच्या पुढे नाल्यात गेली आणि ते तिच्याखाली गेले. पंचनाम्यात हिलालने लिहून दिलं, चिंधा दारू प्यायलेला होता. त्या माणसाला दारूच्या वासानेही मळमळायचं. पण मेलेल्याची साक्ष कोण घेतं?

वैशाखाचं ऊन. पेट्रोल मिळत नव्हतं, गाडी कोळशाच्या गॅसवर चालायची. मागच्या पिंपातून गरम राखेचा वास येई. साक्री मागे पडली. बारा वाजत आले आणि गाडीचं तोंड डावीकडे ओढायला लागलं. हिलालने कशीबशी थांबवली. मी बाहेर पाहिलं. तोच नाला. 

हिलाल गाडीखाली शिरला. "बॉलचा नट ढिला पडलाय, अक्का."

अकरा वर्षं ड्रायव्हरच्या घरात काढलीत, मला समजतं. चाकं वळवणाऱ्या सळईच्या टोकाला लोखंडी गोळा असतो. त्याची दांडी भोकात जाते, वरून नट, आणि नट उलटू नये म्हणून आडवी पिन. नट आवळला की दांडी भोकात गच्च बसते. इथे ती बसेना. पान्हा फिरवला की नट फिरे, आणि नटाबरोबर दांडीही गरगर फिरे. असं तासभर फिरवलं तरी उपयोग नाही.

"वजन पाहिजे. पहार अडकवतो, तुम्ही वरून दाबा."

"दाबते. माझ्या वजनाचा कोणाला तरी उपयोग होऊ दे."

मी पहारीवर पडले. दांडी तरी फिरतच राहिली. गाडीत सुगंधाचं कण्हणं बारीक व्हायला लागलं होतं. ओरडणारी बाई बरी असते. गप्प होणारीची भीती वाटते.

हिलालने घाम पुसायला पान्हा खाली ठेवला. बाभळीतले किडे एकदम थांबले. आणि गाडीखालून आवाज आला... टिक... टिक... टिक... आवळलेला तेवढा नट आपोआप उलटा येत होता. हात कोणाचाच नव्हता त्याच्यावर.

हिलाल सरपटत बाहेर आला. ओठ पांढरे. "खालतून कोनी तरी धरेल शे, अक्का..." नट खालून कोणी धरलाय म्हणत होता; घाबरला की त्याची अहिराणी सुटायची.

मी पदर खोचला आणि स्वतः खाली गेले. धुळीत गाल टेकवून हात आत घातला. वैशाखात भर दुपारी ते लोखंड माठासारखं गार होतं. तिथे वास होता, रॉकेलचा आणि बडीशेपेचा. कामावरून आले की यजमान रॉकेलने हात धुवायचे आणि मग बडीशेप तोंडात टाकायचे. माझ्या तळव्यावर काहीतरी टेकलं. अंगठा. जॅकखाली चेचून नख गेलेला, यजमानांचा.

हात न काढता मी विचारलं, "हा बॉल कुठला, हिलाल?"

"...त्याच गाडीना. नवा भेटत नही. मालक बोलना, काढ आनि घाल." नाल्यातून काढलेल्या यजमानांच्या गाडीचा.

या लाइनीवर एक नियम आहे. पुढच्या चाकाचा नट ज्याने आवळला, पहिली फेरी त्यानेच हाकायची. मग कोणी हात राखून आवळत नाही.

"फाल्गुनात कोणी आवळला होता?"

"मी."

"पिन घातली होतीस?"

"पिन नव्हती. तार बी संपेल व्हती."

"आणि हाकायला?"

तो धुळीतच खाली बसला. मग म्हणाला, "माले ताप शे, असं सांगं मी भाऊले..."

ताप नव्हता. हे त्याने सांगायची गरज नव्हती.

मी ओरडले नाही. त्या गार लोखंडाशी तोंड नेऊन म्हणाले, "ऐका. पोर तुमचीही आहे. तिला दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊ द्या. तिथून पुढे हिलाल तुमचा. मी मध्ये येणार नाही."

हिलालने ऐकलं. मला ते ऐकवायचंच होतं.

अंगठा तळव्यावरून हळूच निघाला. "आवळ," मी म्हणाले. हिलालने पान्हा लावला. दोन फेऱ्यांत नट करकरला आणि जागच्या जागी थिजला. अंबाड्यातला आकडा काढून मी पिनेच्या जागी घातला आणि दाबून वाकवला.

"आता हाक. तू आवळलास ना?"

वाटेत तो रडत होता. मी सुगंधाचे पाय चोळत होते.

दुपार कलायच्या आत पोर झाली. मुलगी. सुगंधा वाचली. मी व्हरांड्यात आले तेव्हा हिलाल पायरीशी बसून होता. मालकाने गाडी दिवेलागणीला परत मागितली होती.

"अक्का, भाऊंना सांगा ना. मी उद्या फौजदारापुढे बठ्ठं खरं सांगतो. भाऊ प्यायलेले नव्हते, लिहून देतो."

हेच शब्द मला दोन महिने हवे होते. एक शब्द बोलले असते तर कागदावरचं यजमानांचं नाव धुतलं गेलं असतं. पण दाराच्या आत माझी नात रडत होती, आणि ती कशाच्या मोबदल्यात रडत होती ते मला माहीत होतं.

"फाल्गुनात सांगायचं होतं," मी म्हणाले.

तो जाऊन स्टेरिंगवर बसला. मग गाडीची डावी बाजू खाली बसली. दुसरा माणूस पायरीवर पाय देऊन चढतो तशी. स्प्रिंगचे पाटे कुरकुरले. डावी जागा रिकामीच दिसत होती. हिलालने एकदा माझ्याकडे बघितलं. मी हाक मारली नाही.

दिवेलागणीला गाडी पिंपळनेरला पोहोचली, ते मला नंतर कळलं. रोजच्या जागी उभी, ब्रेक ओढलेला, इंजिन तापलेलं. आत कोणी नव्हतं. हिलालचा पत्ता आजपर्यंत लागला नाही. पंचनाम्यात चिंधा प्यायलेलाच राहिला.

बारा दिवसांनी आम्हाला न्यायला मालकाने तीच गाडी पाठवली. नवा ड्रायव्हर उखर्डू चाकापाशी उकिडवा बसून डोकं खाजवत होता.

"गाडीत काही सामान आहे का रे?" मी विचारलं.

"काहीच नाही, मावशी. येताना एक प्रवासीसुद्धा नव्हता. पण पाटे बघा की... पुढे दोन धट्टेकट्टे गडी बसल्यासारखे दबलेत. मी खाली उतरलो तरी वर येत नाहीत."

मी नातीला पदराखाली घेतलं आणि बैलगाडी शोधायला गेले.